गिरणीतली खुर्ची

आमच्या घरात दोन गोष्टींचा कधी तुटवडा पडला नाही, पीठ आणि पत्रकं. पेठेतल्या एका बोळात पुढे गिरणी आणि मागे दोन खोल्या, असं आमचं बिऱ्हाड. गिरणीतलं पीठ दाराच्या फटीतून आत यायचं आणि गाद्यांवर, देवांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर सारखंच बसायचं. पत्रकं अण्णा आणायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. कारखान्यातल्या संपात पुढे उभे राहिले म्हणून त्यांची नोकरी गेली, हाताशी जे आलं त्यातून त्यांनी ही गिरणी घेतली, पण जीव सभांमध्येच राहिला. सभा संपली की उरलेली पत्रकं ते घरी घेऊन येत आणि पलंगाखाली रचून ठेवत. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. इतर मुलं ‘क कमळाचा’ घोकत होती तेव्हा मी ‘कामगार बंधू-भगिनींनो’ वाचत होते. त्यात स्त्री-पुरुष समतेवरचं एक गुलाबी पत्रक होतं, ते मला तोंडपाठ झालं होतं. पुढे मी जे काही लिहिलं आणि ज्यासाठी भांडले, त्याचं मूळ त्या गुलाबी कागदात आहे. आता भांडायला उठावं म्हटलं तर गुडघे आधी विचार करतात. पत्रक मात्र अजून पाठ आहे.

गिरणी आई चालवायची. हे वाक्य आज मी सहज लिहिते. तेव्हा ते कोणी उच्चारत नव्हतं, आई तर नाहीच. सकाळी सहाला ती मोटर सुरू करी. आधी पट्टा फटफटायचा, मग दगड गुरगुरायला लागायचे, आणि त्या गुरगुरीच्या सुरावरून आईला घरात चहा पितानाही कळे की दगड जवळ आलेत, पीठ तापायला लागलंय. पीठ तापलं की पोळ्या वातड होतात. ती कप तसाच ठेवून उठे. आमच्या घरी चहा गरम असा फक्त अण्णांनी प्यायला. दगड बोथट झाले की त्यांना टाके घालावे लागतात, म्हणजे छिन्नी-हातोडीनं ठोकून ते पुन्हा खरखरीत करायचे. तेही आईच करायची, दुपारी, पुढचं दार लोटून घेऊन. बोळातल्या बायका म्हणत, “अण्णांचा हात दगडावर छान बसलाय हो.” अण्णा ओशाळं हसत. आई छिन्नी पदराखाली घेऊन आत जायची.

कारण पुढे खुर्चीवर अण्णा बसत. लाकडी, हात असलेली ती खुर्ची गिरणीच्या तोंडाशी रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली असे. सभा नसेल त्या वेळी अण्णा तिथे वर्तमानपत्र वाचत बसत आणि मालक दिसत. कोणी विचारलं, “अण्णा, भाजणी आज मिळेल का?” की ते म्हणत, “थांबा हं, बघून सांगतो,” आणि मान किंचित आत वळवत. आईच्या हातात पीठ झाडायचा कुंचा असे. तिनं कुंच्याची मूठ पत्र्यावर आपटली की ‘हो’. नाही आपटली की ‘नाही’. मग अण्णा ते उत्तर आपल्या भारदस्त आवाजात गिऱ्हाइकाला देत. उधारी द्यायची का, मंडईतल्या खानावळीचं मोठं काम घ्यायचं का, मोटर नवी आणायची का, सगळे निर्णय त्या एका कुंच्यात होते. दोघांनी हे कधी ठरवलं ते मला माहीत नाही. ठरवलंही नसेल. संसारात अशा गोष्टी आपोआप पडत जातात, जसा उंबऱ्याला खळगा पडतो.

मी एकदा अण्णांना विचारलं होतं, “पाटीवर ‘मालक’ म्हणून तुमचं नाव का? आईचं का नाही?” अण्णा प्रामाणिक माणूस. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते म्हणाले, “तुझं बरोबर आहे. तत्त्वतः अगदी बरोबर आहे.” आमच्या घरात ‘तत्त्वतः’ हा शब्द आला की विषय संपला असं समजायचं. मागून आईचा आवाज आला, “तत्त्व ऱ्हाऊ द्या. जेवायला उठा.” आई लोणी काळभोरची, शेतकऱ्याची मुलगी. गिऱ्हाइकांशी ती मोजूनमापून पेठेतलं बोलायची, “आपला डबा संध्याकाळी न्या हं.” आत आमच्याशी बोलताना मात्र गाव तोंडात यायचं. जेवणात ज्वारीची भाकरी, पिठल्याचा गोळा, लसणाची चटणी. दळणानंतर दगडाच्या कडेला जे उरायचं, त्या गहू-ज्वारी-डाळीच्या सरमिसळ पिठाची ती आमच्यासाठी जाड धपाटी थापायची. तशी चव नंतर मला कुठेच सापडली नाही. मुद्दाम पिठं एकत्र करून पाहिली, जमलं नाही.

मी कॉलेजात गेले त्या पावसाळ्यात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. डावा हात हलायचा, मान हलायची, डोळे तर पूर्वीपेक्षा जास्त बोलायचे. सभांचे सोबती आठवडाभर येत राहिले, मग कमी झाले. खुर्ची रिकामी पडली. आईनं दुसऱ्याच दिवशी सहाला मोटर सुरू केली, कारण रांगेत डबे होते. तेव्हा पहिल्यांदा बोळाला उघड दिसलं की दगडापाशी कोण आहे. म्हणजे दिसत आधीही होतंच. पण खुर्चीत पुरुष असला की दगडापाशी उभी असलेली बाई मदत करतेय असं दिसतं. तो उठला की तीच बाई तेच काम करताना आगाऊ दिसते.

रोजच्या दळणाला कोणी काही म्हणालं नाही. घोळ झाला नवरात्र जवळ आल्यावर. नवरात्राच्या आधी आमच्याकडे दोन दिवस फक्त उपवासाचं दळण असायचं. गिरणी धुऊनपुसून काढायची, दगडांतून पहिली मूठभर वरई दळून ते पीठ गाईला घालायचं, मग राजगिरा, शिंगाडा, उपवासाची भाजणी. भाजलेल्या साबुदाण्याचा आणि जिऱ्याचा वास बोळाच्या टोकापर्यंत जायचा. जिथे बाई उपवासाचं दळून घेते, तिथेच तिचा वर्षाचा डबा जातो, हा पेठेतला न लिहिलेला नियम. आणि त्या वर्षी कुजबुज सुरू झाली की गिरणी आता बाईच्या हातात आहे, रोज तीच असते, महिन्याचे तीसही दिवस. मग तिच्या अडचणीच्या दिवसांचं काय? तिचा हात लागलेलं पीठ देवीच्या उपवासाला चालायचं कसं? मंडईकडच्या कोपऱ्यावर दुसरी गिरणी होती. तिथे एक घामाघूम गडी उघड्या अंगानं दळत असे. त्याचा घाम देवीला चालत होता.

ही कुजबुज तोंडावर बोलून दाखवली ती कमलाकाकूंनी. समोर राहणाऱ्या, चार घरांतल्या हळदीकुंकवाला त्यांच्या शब्दावर बायका उठत-बसत. त्या वाईट नव्हत्या. अण्णा आजारी पडले तेव्हा पहिली मऊ खिचडी त्यांच्याकडूनच आली होती. त्या आईला म्हणाल्या, “अहो वहिनी, राग मानू नका. रोजचं ठीक आहे. पण सोवळ्याचं काम जरा पाहून करावं लागतं. तुमच्याकडे पुरुष माणूस कोणी नाही का?”

पुरुष माणूस होता आणि तो त्याच संध्याकाळी आला. दत्तूकाका, अण्णांचे धाकटे भाऊ. त्यांचं सायकलचं दुकान नुकतंच बुडालं होतं. ते अण्णांच्या पायाशी बसले, चहा प्याले आणि म्हणाले, “वहिनी, धंद्यात पुढे पुरुष दिसावा लागतो. मी बसत जाईन खुर्चीवर. परवानाही माझ्या नावावर करून टाकू, म्हणजे तुम्हाला कचेरीत खेटे नकोत. तुम्ही आतलं बघा.”

“नवरात्र होऊ द्या, भावजी,” आई म्हणाली.

“नवरात्रासाठीच तर म्हणतोय. दळण गेलं तर गिरणी बसली म्हणून समजा.”

ते गेल्यावर आई मला म्हणाली, “आज खुर्ची मागतोय, उद्या चावी मागंल. आन् चावी दिली की मी त्याच्या घरची बिनपगारी बाई.” ती अण्णांचं तोंड पुसत होती. अण्णा आढ्याकडे बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

माझं रक्त तापलं. मी गुलाबी पत्रकावर वाढलेली मुलगी, असल्या वेळी स्वस्थ कशी बसणार? पहाटे उठून मी गिरणीबाहेरच्या फळ्यावर खडूनं ठळक लिहिलं: ‘ही गिरणी बाई चालवते. पूर्वीपासून तीच चालवते. ज्यांना विटाळ मानायचा असेल त्यांनी घरी जात्यावर दळावे. जाते फिरवायला पुरुष बोलवावा.’ त्या पाटीची मला आजही लाज वाटत नाही. तिच्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

सात वाजेपर्यंत बोळ जमला. कमलाकाकूंनी पदर सावरत सगळं वाचलं आणि म्हणाल्या, “सुधा, अक्षर छान आहे हो तुझं.”

“मजकूर कसा आहे, काकू?”

“मजकूर कॉलेजात चालेल. अगं, जातं बाईच ओढायची, हे मला तू सांगणार? मी पंधरा वर्षं ओढलंय. पण सून बाजूला बसली की सासू दळायची, सासू बसली की जाऊ. चार दिवस कोणीतरी दुसरी असायचीच. तुमच्या गिरणीत दुसरं कोण आहे?”

बायका हसल्या आणि पांगल्या. त्या दिवशी एकही डबा आला नाही. दुपारी आईनं ओलं फडकं घेतलं आणि फळा पुसला. मी तिचा हात धरला. “का पुसतेस? खरं आहे ना ते?”

“खरं हाय की. पन पाटी वाचायला गिऱ्हाईक यावं लागतं, सुधे.” ती पायरीवर बसली. दिवसाउजेडी तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. “आन् कमलाबाई बोलली त्ये बी खोटं न्हाई. मला चार दिवस कुनी बाजूला बसवलंच न्हाई. बसवलं असतं तर झोपले असते जरा.”

दुसऱ्या दिवशी, उपवासाच्या दळणाच्या सकाळी, आईनं न्हाव्याला बोलावून अण्णांची दाढी करवली. मग त्यांना सभेचा पांढरा सदरा चढवला, डोक्यावर टोपी ठेवली. मला म्हणाली, “त्या बाजूनं धर.” आम्ही दोघींनी मिळून त्यांना पुढे नेलं आणि खुर्चीत बसवलं. अण्णा उजवीकडे कलायला लागले. आईनं त्यांचं उपरणं त्यांच्या कमरेभोवती घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधलं, गाठ मागे, रस्त्यावरून दिसणार नाही अशी. मांडीवर वर्तमानपत्र ठेवलं. मला हे कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी ओरडलेच, “आई, हे तू काय करतेस? अण्णांचा बाहुला करतेस!”

“हळू बोल. त्यास्नी विचारलंय मी.”

“त्यांना बोलता येत नाही!”

“मला कळतं त्यांचं.” तिनं फळ्यावर स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, ‘आज फक्त उपवासाचे दळण,’ आणि मोटर सुरू केली.

आणि बायका आल्या. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. “अय्या, अण्णा बसायला लागले!” “अण्णा, तब्येत सुधारली हो, देवी पावली.” “अण्णा, शिंगाडा जरा बारीक काढा हं.” ज्या माणसाला स्वतःच्या तोंडातली लाळ आवरत नव्हती त्याला त्या शिंगाडा बारीक काढायला सांगत होत्या. डबे त्याच्या पायाशी ठेवत होत्या. आई ते तिथून उचलत होती, सगळ्यांसमोर, कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या हातांनी. त्या तिच्याकडे बघतही होत्या. कोणीही फसलं नव्हतं. तेच हात, तोच दगड, फक्त खुर्ची भरली होती.

शेवटी कमलाकाकू आल्या. पितळी डबा, वर स्वच्छ धुतलेलं फडकं. त्यांनी डबा खाली ठेवला नाही. त्या अण्णांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही खोटं बोलणाऱ्यातले नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. देवीचं दळण तुमच्या हातचं आहे ना?”

आईनं मोटर बंद केली. पट्टा फटफटत मंदावला आणि थांबला. बोळात एवढी शांतता मी दिवसा कधी ऐकली नव्हती. अण्णांचा डावा हात खुर्चीच्या हातावर होता. माझ्या डोक्यात गुलाबी पत्रक पहिल्या ओळीपासून चालू झालं. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा, अण्णा. एकदाच मान आडवी हलवा. आयुष्यभर व्यासपीठावरून जे सांगितलंत ते आज इथे सांगा, मग गिरणी गेली तरी चालेल. ते सांगतील याची मला खात्री होती. त्यांच्या डोळ्यांत ते दिसत होतं.

पण अण्णांनी आधी मान किंचित आत वळवली. थांबा हं, बघून सांगतो.

आई दगडापाशी उभी होती. भुवयांवर पीठ. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं ती आपटणार नाही. मग तिनं कुंच्याची मूठ पत्र्यावर आपटली. एकदा, नेहमीसारखी.

अण्णांनी कमलाकाकूंकडे पाहून होकाराची मान हलवली.

“झालं तर मग,” काकू म्हणाल्या आणि डबा त्यांच्या पायाशी ठेवला. आईनं तो उचलला.

संध्याकाळपर्यंत डबे संपत नव्हते. दिवेलागणीला दत्तूकाका आले, त्यांनी भरलेली खुर्ची पाहिली, दाराशीच थोडा वेळ उभे राहिले, “दादा बसतो की आता,” असं म्हणून निघून गेले. आम्ही अण्णांना आत आणलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. या आजारात तसं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी तेच धरून चालले. आई भिंतीला टेकून बसली, भाकरीचा तुकडा हातात तसाच.

मी म्हणाले, “तू त्यांना खोटं बोलायला लावलंस.”

“हां.”

“ते नाही म्हणणार होते.”

“ठावं हाय मला. म्हनून तर आपटला.” थोड्या वेळानं डोळे मिटूनच तिनं विचारलं, “मंग आता सांग, गिरणी कुनाची?”

उत्तराची तिनं वाट पाहिली नाही, तशीच झोपली. मी मात्र ते उत्तर शोधत आयुष्य काढलं. स्वतःला पुसून टाकायचा हुकूमही जिचा चालतो, ती मालक म्हणायची की गुलाम? यावर मी लेख लिहिले, सभा घेतल्या, दोन्ही बाजूंनी बोलले. परवा हिंजवडीत स्वतःची छोटी कंपनी चालवणारी एक मुलगी मला भाषणाचं आमंत्रण द्यायला आली होती. हुशार, तडफदार. बोलता बोलता तिला फोन आला. ती फोनवर म्हणाली, “ओके, सरांना विचारून कन्फर्म करते.” मी विचारलं, “सर कोण?” ती हसली. “कोणीच नाही, मॅडम. पण सर म्हटलं की समोरचा वाद घालत नाही.” मी भाषणाला येईन असं सांगितलं. तिथे काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

अण्णा पुढे काही वर्षं रोज त्या खुर्चीत बसले, उपरण्याच्या गाठीसह. गेले तेव्हा बोळातल्या बायका रडल्या आणि म्हणाल्या, गिरणीचा मालक गेला. तेरावं झालं आणि दुसऱ्या सकाळी आईनं सहाला मोटर सुरू केली. खुर्ची तिनं जागेवरच ठेवली होती, पाठीवर अण्णांचं धुतलेलं उपरणं घडी घालून. आठ वाजता दत्तूकाका आले. चांगला इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, ती जरा आपल्याकडे वळवली.

“भावजी,” आई आतून म्हणाली, “तिथं हे बसलेत.”

“वहिनी, असं काय करता? दादा गेला.”

समोरून कमलाकाकू डबा घेऊन येत होत्या. त्या थबकल्या, काकांच्या हाताकडे पाहिलं आणि कोरडेपणानं म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं, दत्तोबा. मोठ्या भावाच्या जागेवर बसू नये. आमच्यात तरी बसत नाहीत.” आणि त्यांनी डबा नेहमीसारखा खुर्चीच्या पायाशी ठेवला. काकांनी हात काढला. त्यानंतर ते चहाला येत राहिले, पण पुढच्या दारानं नाही.

मी तिथेच उभी होते. बायकांची रांग वाढत होती, एकेक डबा रिकाम्या खुर्चीसमोर येऊन बसत होता. आई वाकून एकेक उचलत होती, कंबर धरून सरळ होत होती, पुन्हा वाकत होती. मी पुढे झाले. उपरणं उचललं, खुर्ची पुसली आणि तिला म्हणाले, “आई, पुरे झालं. आता तू बस हिच्यावर. सगळ्यांसमोर बस.”

तिनं खुर्चीकडे पाहिलं. क्षणभर तिला बसावंसं वाटलं असेल. मालकीसाठी नाही, पायांसाठी.

“मी बसले तर दळंल कोन?” ती म्हणाली. “ठेव ते उपरणं जाग्यावर. आन् तो पितळी डबा दे इकडं.”